तेल्याची आई : आजीच्या वहीमागून रेवदंड्यापर्यंत

पहिला दिवस, बुधवार : भाऊचा धक्का ते अलिबाग

आजीच्या कपाटात, शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या, पांढऱ्या चादरीच्या घडीत, निळ्या पुठ्ठ्याची एक जुनी वही सापडली. पहिल्या पानावर तिच्या वळणदार अक्षरात ‘सन १९६३’ एवढेच लिहिलेले होते आणि पुढच्या पानांवर केवळ बायकांची नावे होती : एकीखाली तिची आई, तिच्याखाली तिची आई, समोर गाव आणि कोणाकडून कळले त्याची नोंद. हिब्रू पंचांगाप्रमाणे आजीला जाऊन वर्ष व्हायला आले, तेव्हा तिची धाकटी बहीण, आमची धाकटी आजी, चौऱ्याऐंशीव्या वर्षी एकटी इस्राएलहून ठाण्याला आली. ती वही पाहून तिने पुष्कळ वेळ काही म्हटले नाही. मग म्हणाली, “ताई ज्या वाटेने गेली त्या वाटेने मला ने.”

म्हणून आज सकाळी आम्ही ठाण्याहून गाडीने थेट अलिबागला न जाता लोकल पकडून डॉकयार्ड रोडला उतरलो आणि भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचमध्ये बसलो. आजीही अशीच गेली होती. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती, दोन वर्षांपूर्वी विधवा झालेली, एका प्रसूतिगृहात नर्स, पदरी तीन मुले. मुलांना शेजारणीकडे ठेवून आणि चार दिवसांची बिनपगारी रजा घेऊन ती निघाली, कारण तिकडे इस्राएलमध्ये धाकट्या बहिणीचे लग्न अडले होते. अडण्याचे कारण असे, की वधू यहुदी आहे हे कागदोपत्री सिद्ध होत नव्हते.

हे वाचून अनेकांना नवल वाटेल. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. पेणकर, रोहेकर, चौलकर, दिवेकर अशी आमची आडनावे गावांवरून पडली. कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातल्या गावागावांत आमच्या पूर्वजांनी तेलाचे घाणे चालवले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. सुन्नत, शब्बाथ आणि वर्ज्य-अवर्ज्य अन्नाचे नियम त्यांनी शतकानुशतके पाळले. १९४८ साली इस्राएल राष्ट्र झाल्यावर आमच्यातले बहुसंख्य लोक हळूहळू तिकडे गेले. जिथे यहुदी म्हणून सन्मानाने राहायचे म्हणून गेले, तिथेच १९६२ साली मुख्य रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्यांना सूचना दिली, की बेने इस्राएल वर किंवा वधू असेल तर त्यांच्या आईची, आजीची आणि त्याही वरच्या पिढ्यांची शक्य तितकी चौकशी करावी. आमच्या पूर्वजांचे काडीमोड आणि विधवांचे विवाह शास्त्राप्रमाणे झाले असतील का, अशी ती शंका होती.

धाकटी आजी लाँचच्या कडेला, वाऱ्याकडे पाठ करून बसली होती. धरमतरच्या खाडीचे तोंड दिसू लागले तेव्हा तिने विचारले, “ताईला लाँच लागायची. उलटी झाली असेल का गं तिला?” मला ते ठाऊक नव्हते. वहीत तशी नोंद नाही. तिकिटाचे पैसे मात्र मागच्या पानावर लिहिलेले आहेत.

रेवसला उतरून रिक्षाने अलिबाग गाठले. संध्याकाळी इस्राएल आळीत गेलो. इथली मागेन अबोथ मशीद १८४८ सालची, १९१० साली पुन्हा बांधलेली. आमच्या घरांत सिनेगॉगला, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळाला, ‘मशीद’ म्हणतात आणि मुंबईतली १७९६ सालची आमची सर्वांत जुनी प्रार्थनास्थळाची वास्तू अजून ‘जुनी मशीद’ म्हणूनच ओळखली जाते. दाराच्या चौकटीवरल्या मेझुझाला, म्हणजे धर्मवचन ठेवलेल्या डबीला, बोटे लावून ती ओठांशी नेताना धाकट्या आजीला टाचा उंचवाव्या लागल्या. आत दोन वृद्ध गृहस्थ होते. त्यांनी दोन्ही हात पुढे करून हातबोशी केली, म्हणजे आमच्या रीतीप्रमाणे एकमेकांच्या हातांना हात लावून आपापल्या बोटांचे चुंबन घेतले. धाकटी आजी तिथेच रडली. तिकडे तिच्या वस्तीत ही रीत आता फक्त म्हातारी माणसे पाळतात, असे ती नंतर म्हणाली.

दुसरा दिवस, गुरुवार : नवगाव आणि खंडाळे

सकाळी नवगावला गेलो. अलिबागच्या उत्तरेला, समुद्रापासून जवळ आमचे आद्य दफनस्थान आहे. परंपरा अशी सांगते, की आमच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्यापाशी खडकांवर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया एवढेच तगले. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते गावकऱ्यांच्या मदतीने पुरली, पुरुषांची एका ढिगात आणि स्त्रियांची दुसऱ्या ढिगात. हे कधी घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि मला स्वतःला त्या वादात फारसे स्वारस्य वाटत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते परंपरेचे पुढचे वाक्य : धर्मग्रंथ बुडाले, प्रार्थना विसरल्या गेल्या, आणि ‘शेमा’ तेवढा तोंडपाठ राहिला. ‘हे इस्राएला, ऐक’ एवढ्या एका उच्चारावर त्यांनी जन्म, सुन्नत, लग्न आणि मरण सगळे निभावले.

पुढे कधीतरी दावीद राहाबी नावाचा एक यहुदी या बाजूला आला. शनिवारी काम न करणारे हे तेली आपलेच तर नव्हेत, अशी शंका येऊन त्याने घरातल्या बायकांपुढे नाना प्रकारचे मासे ठेवले आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले आणि पर असलेले, म्हणजे यहुदी शास्त्राला चालणारे, मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. ती खूण पटून त्याने आमच्या लोकांना प्रार्थना आणि शास्त्र शिकवले. आजीने ही गोष्ट मला माशांची पाटी समोर ठेवूनच सांगितली होती. सुरमई, बांगडा, रावस इकडे. कोळंबी, चिंबोरी, मुशी, पाखट तिकडे. “आपली पहिली परीक्षा बायकांनी दिली,” ती म्हणायची, “आणि ती चुलीपाशी दिली.”

वहीत नवगावचे पान कोरे आहे. वर फक्त गावाचे नाव आणि तारीख आहे. आजी इथे नावे शोधायला आली नसावी, कारण इथल्या ढिगांवर कोणाचेही नाव नाही. ती उगाच आली असेल, किंवा या स्त्रियांच्या ढिगापाशी बसावेसे वाटले म्हणून आली असेल. धाकट्या आजीने ओंजळभर लहान दगड निवडले आणि रुमालात बांधून घेतले.

दुपारी अलिबागजवळच्या खंडाळे गावी गेलो. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, आपल्या रथातून स्वर्गारोहण करताना इथे टेकला, अशी आमची श्रद्धा आहे, आणि खडकावर त्याच्या घोड्याच्या टापेची आणि रथाच्या चाकाची खूण दाखवतात. आज झाडांचा नवा वर्षारंभ होता. आमच्याकडे हा एलियाहू हन्नाबीचा उरूस. नवस बोलायला आणि फेडायला या दिवसात दूरदूरची माणसे येतात. एखाद्या इस्राएली रब्बीला यातले कितपत मान्य होईल सांगता येत नाही. पण कोकणातल्या प्रत्येक देवाला जसा उरूस किंवा जत्रा असते, तशी आमच्या संदेष्ट्यालाही ती लाभली आणि त्यात मला काही उणे वाटत नाही.

मलिदा धाकट्या आजीने स्वतः केला. पोहे चाळून, पाण्यातून काढून परातीत मोकळे केले, त्यात ओले खोबरे, साखर, वेलदोड्याची पूड, बदाम आणि मनुका घातल्या आणि दोन्ही हातांनी खालून वर असे कालवले. मुठीत दाबून पाहिले, गोळा धरला आणि लगेच सुटला, तेव्हा तिचे समाधान झाले. परातीत मधोमध शीग रचून भोवती पाच प्रकारची फळे मांडली, वर गुलाब आणि सब्जाची काडी ठेवली. एलियाहू हन्नाबीचे गीत म्हटले, झाडावरच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतल्याचा वेगळा, सुगंधाचा वेगळा, असे एकेक आशीर्वाद म्हणत सर्वांना वाटले. आजीचा मलिदा थोडा कमी गोड असे. ती साखरेऐवजी गूळ घालायची, कारण तिच्या विधवापणाच्या पहिल्या वर्षांत साखर परवडत नव्हती आणि नंतर परवडू लागली तरी तिने ती सवय मोडली नाही. हे मी बोलले नाही, पण पहिला घास घेतल्यावर धाकटी आजीच म्हणाली, “ताईचा असा नसायचा.”

तिसरा दिवस, शुक्रवार : रेवदंडा

नागाव, चौल करत रेवदंड्याला जाणारा रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातो. हिवाळ्यातल्या सकाळीही गाडीत गारवा आणि ओल्या पाल्याचा वास भरून राहिला होता. चौल हे प्राचीन बंदर, रेवदंड्यात पोर्तुगीजांचा कोट, समोर खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. या बहिणींचा जन्म इथला, आणि वहीतली सर्वांत जास्त पानेही इथली.

बेथ एल मशिदीला कुलूप होते. किल्ली शेजारच्या घरी मिळाली. ते घर आमच्या लोकांचे नाही, पण दाराशी आलेल्या बाईंनी कोण, कुठले हे न विचारता ती काढून दिली आणि मागोमाग पाण्याचा तांब्याही आणला. मशीद १८४२ सालची. इथल्या एका लाकडी बाकावर बसून आजीने विवाहांच्या नोंदवह्या उतरून घेतल्या होत्या. तेव्हाच्या हज्जानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, तिला दिवसभर बसू दिले आणि जुनी अक्षरे लावून दिली, असे तिने लिहिले आहे. पण मशीदच १८४२ सालची, तेव्हा नोंदी त्यामागे जाणार कशा? तिकडचे अधिकारी तर ‘जितके मागे जाता येईल तितके’ म्हणत होते. चौथ्या पिढीनंतर कागद संपला आणि आजी घरोघर जाऊ लागली.

त्या पानांवरून बोट फिरवताना एक गोष्ट ध्यानात येते. खालच्या पिढ्यांत तोरातली, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातली, नावे आहेत. वर जावे तशी ती विरळ होतात आणि त्यांच्या जागी कोकणातल्या कोणत्याही शेजारणीचे असावे असे नाव येते. ‘अमक्या म्हातारीने सांगितले’, ‘चौलच्या आतेने सांगितले, पण तिला नक्की आठवत नाही’, असे शेरे आहेत. आजीने कुठेही ओढूनताणून जुळवलेले नाही. जिथे दोघींच्या सांगण्यात फरक पडला, तिथे तिने दोन्ही लिहिले आहे. बहिणीचे लग्न अडलेले असताना, एखादे नाव दडपून भरले असते तर कोणाला कळणार होते? पण तिला तसे सुचलेसुद्धा नसावे.

शेवटच्या पानावर एकच ओळ आहे, आणि मी ती इथे जशीच्या तशी देते : ‘तेल्याची आई. नाव कोणास ठाऊक नाही. शनवारी चूल पेटवीत नसे.’

तो घाणा जिथे होता ती जागा धाकट्या आजीला नेमकी सापडली नाही. दोन वाड्या पाहिल्या, तिसऱ्या वाडीत विहिरीमागे अर्धी मातीत गेलेली दगडी उखळ दिसली. ती आमचीच असेल असे खात्रीने म्हणता येणार नाही, कारण घाणे इथे पुष्कळांचे होते. धाकट्या आजीने काठी बाजूला ठेवली, वाकून उखळीच्या कडेवरून तळहात फिरवला आणि तळव्याचा वास घेऊन पाहिला. “मातीचाच येतो,” ती म्हणाली.

सूर्यास्ताला शब्बाथ लागतो, त्याच्या आत अलिबागला परतणे भाग होते. उतरलो होतो त्या घरी मी सकाळीच काळ्या मनुका भिजत घालून ठेवल्या होत्या. आमच्याकडे द्राक्षाची दारू कुठून मिळणार, म्हणून कोकणातल्या बायकांनी किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या आशीर्वादासाठी, मनुकांचे सरबत काढले. फुगलेल्या मनुका हाताने कुस्करायच्या, पातळ फडक्यातून पिळून घ्यायच्या, पुन्हा थोडे पाणी घालून पुन्हा पिळायच्या. वाडग्यात गडद तपकिरी, किंचित आंबूस रस उतरतो. काचेच्या पेल्यात अर्धे पाणी, वर खोबरेल तेल आणि त्यावर तरंगती वात, असा दिवा लावला. धाकट्या आजीने डोळ्यांवर हात धरले आणि आशीर्वाद म्हटला. पोळीला मीठ लावून हमोत्सी, म्हणजे भाकरीचा आशीर्वाद, केली. जेवायला नारळाच्या रसातले मटण होते. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, तेव्हा आमच्या रश्शाला दाटपणा येतो तो नारळाच्या दुधाने. कोकणात तो नारळ दारातच होता, आणि नियम पाळणे त्यामुळे कधी जाचक वाटले नाही, असे आजी सांगायची.

आजीने हा दिवा रात्रपाळीच्या शुक्रवारीही चुकवला नाही. दिवेलागणीला घरी दिवा लावून, मुलांच्या डोक्यावर हात ठेवून मग ती कामावर जाई, आणि शब्बाथच्या दिवशी प्रसूती करणे हे काम मोडते का, असे कोणी विचारले तर म्हणे, “जन्माला येणारे मूल वार पाहून येत नाही, आणि जीव वाचवण्याला शास्त्राचीच मुभा आहे.” वडील सांगतात, एका महिन्यात तेलाला पैसे नव्हते तेव्हा तिने लग्नातली चांदीची वाटी विकली. त्यावरून घरात बोलणे झाले होते आणि सासूबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. श्रद्धेपायी घरच्यांना झळ लागली, हेही खरे आहे.

चौथा दिवस, शनिवार : अलिबाग

शब्बाथ असल्यामुळे प्रवास नाही. सकाळी मशिदीत प्रार्थना झाली आणि उरलेला दिवस आम्ही दोघी ओसरीवर बसून राहिलो. धाकट्या आजीने आजवर जे कधी सलग सांगितले नव्हते ते आज सांगितले.

ती १९६२ साली थोरल्या भावाबरोबर गेली आणि दक्षिणेकडच्या एका नव्या वसाहतीत कारखान्यात कामाला लागली. तिथेच कोकणातल्याच एका मुलाशी लग्न ठरले. नोंदणीच्या कचेरीतल्या माणसाने आईचे नाव विचारले, मग आजीचे, मग पणजीचे, आणि ती गप्प झाल्यावर कागद परत सरकवला. “मी त्याला शेमा म्हणून दाखवला,” ती म्हणाली. “तो म्हणाला, हा तर कोणीही पाठ करतो.” तिने ठाण्याला पत्र लिहिले. दोन-अडीच महिन्यांनी आजीच्या वहीची सुवाच्य नक्कल रजिस्टर टपालाने तिकडे पोचली. त्यावर शिक्का नाही म्हणून ती कचेरीने ठेवून घेतली नाही.

१९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्राएल यरुशलेमला जमले आणि धरणे धरून बसले. कोकणातल्या बायका लुगडी नेसून, पोरे मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसल्या होत्या, त्यांत तीही होती. तिने तिथे मराठी गाणी म्हटली गेल्याचे सांगितले. कोणती, ते तिला आता आठवत नाही. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेचे, क्नेसेटचे, खास अधिवेशन भरले, बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी असून इतरांच्या बरोबरीचे आहेत असे जाहीर झाले, आणि नंतर धर्मपीठाला त्या सूचनांमधून आमच्या समाजाचे नाव काढावे लागले. त्या वर्षाच्या शेवटी तिचे लग्न झाले.

“मग वहीचा उपयोग झाला नाही?” मी विचारले.

“तिकडे नाही झाला,” ती म्हणाली. “पण मी ती नक्कल धरण्यावर बरोबर नेली होती. रात्री बायका वाचून दाखव म्हणायच्या. प्रत्येकीला त्यातले एखादे गाव ठाऊक असायचे. कोणी म्हणायची ही माझ्या सासूची मावशी, कोणी म्हणायची ही आमच्या शेजारची. शेवटची ओळ वाचली की सगळ्या हुंकार द्यायच्या.”

आजी मात्र कधीच तिकडे गेली नाही. सासू होती, नोकरी होती, पुढे निवृत्तिवेतन होते, ही कारणे ती देत असे. एकदाच, माझ्या आग्रहावर ती म्हणाली, “धाकटीने परीक्षा दिली, पुरे झाले.” दोन्ही देशांचे पूर्ण राजनैतिक संबंध १९९२ साली जुळले. त्याच्या पुढच्या वर्षी धाकटी आजी पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा दोघींची भेट एकतीस वर्षांनी झाली. मी तेव्हा लहान होते. दोघी स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून बसल्या होत्या आणि बिरडे सोलत होत्या, एवढेच मला आठवते.

पाचवा दिवस, रविवार : पेणमार्गे ठाणे

परत रस्त्याने आलो. वडखळच्या पुढे वाहनांची रांग लागली आणि पेणची १८६३ सालची मशीद पाहायचे राहून गेले, कारण चारच्या आत ठाण्याच्या दफनभूमीत पोचायचे होते. ठाण्याच्या शाआर हाशामाइम मशिदीच्या, म्हणजे १८७९ पासूनच्या आमच्या मशिदीच्या, ओळखीच्या मंडळींना मी आधीच कळवले होते.

कादिश, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायला दहा पुरुष लागतात. वडील धरून सात जमले. एक जण आजारी होते, एक गावाला गेले होते, आणि ज्यांच्या भरवशावर आम्ही होतो त्या कुटुंबाने गेल्याच महिन्यात मुलाकडे इस्राएलला मुक्काम हलवला होता. अर्धा तास थांबलो, फोन केले. ऊन उतरू लागले. धाकट्या आजीने रुमालाची गाठ सोडली आणि नवगावचे दगड एकेक करून आजीच्या कबरीवर ठेवले. मग ती कोणाला न विचारता उजव्या हाताने डोळे झाकून उभी राहिली, आणि तिच्यामागून आम्ही सर्वांनी, पुरुषांनी आणि बायकांनी, शेमा म्हटला.